प्रतिकारशक्ती कमी की जास्त? एकाच शरीरात दोन्ही!

सारखा आजारी पडतो म्हणजे प्रतिकारशक्ती कमी, आणि शरीर स्वतःवरच उलटलं म्हणजे ती जास्त. एकाच माणसात दोन्ही कसं असेल? हा समज घरोघरी आहे, काढ्या-चूर्णांच्या जाहिराती त्यावरच चालतात. पण तो चुकीचा आहे.

सीटीएलए-४ या जनुकाचं उदाहरण घ्या. टी पेशींना, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना, पुरतं चेतवायला दुसऱ्या पेशींवरच्या सीडी८० आणि सीडी८६ या प्रथिनांचा इशारा लागतो. या जनुकापासून बनणारं सीटीएलए-४ प्रथिन हा त्यावरचा ब्रेक. नियामक टी पेशी, म्हणजे इतर टी पेशींना आवरणाऱ्या पेशी, त्याच्या मदतीने ही प्रथिनं चक्क ओढून काढतात आणि गिळून टाकतात! जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली की ब्रेक अर्धवटच लागतो. मग टी पेशी मोकाट सुटून आतड्यात, फुप्फुसांत, कधी मेंदूतही घुसतात, प्लेटलेट घसरतात. त्याच रुग्णात अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी रोडावतात, अँटिबॉडी कमी पडतात आणि छातीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. हा आजार २०१४ मध्ये नोंदला गेला. गंमत म्हणजे तोच बदल असलेला घरातला दुसरा माणूस ठणठणीतही असू शकतो.

उपचारात अबाटासेप्ट हे संधिवाताचं औषध वापरतात. त्यात सीटीएलए-४चाच भाग असतो, तो टी पेशींना आवरतो. सोबत बाहेरून अँटिबॉडी देतात. गंभीर रुग्णांत अस्थिमज्जा प्रत्यारोपण. तेव्हा वारंवार न्यूमोनिया आणि घसरते प्लेटलेट एकाच व्यक्तीत दिसले, तर डॉक्टरांना जनुकीय तपासणीबद्दल जरूर विचारा.