पिंप की वारा? घरच्या कॉफीभाजणीची पार्श्वभूमी

जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला ‘बुंद’ म्हणत. माटुंग्यात स्थायिक झालेली तमिळ कुटुंबं कॉफी भाजून-दळून पिण्याची सवय गावाहून घेऊन आली. पुढे ते काम दुकानांनी उचललं आणि चिकोरी (कॉफीत मिसळायचं एक भाजलेलं मूळ) घातलेली ताजी पूड पुडीत बांधून मिळू लागली. घरची भाजणी मागे पडली.

आज मुंबईत घरासाठी भाजणीयंत्र शोधलं जातं, त्याचं मूळ मला यंत्रापेक्षा १९९६ सालात दिसतं. १९४२च्या कायद्यानंतर मळेवाल्यांना आपली कॉफी सरकारी कॉफी बोर्डाकडे द्यावी लागे. तिथे सगळ्यांचा माल प्रतवारीने एकत्र व्हायचा, मग चिकमगळूरच्या अमुक मळ्याची चव वेगळी कळणार कशी? १९९२पासून हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल झालं आणि १९९६ला विक्री पूर्ण मोकळी झाली. एकाच मळ्याचे कच्चे दाणे मिळू लागले, तेव्हा ते स्वतः भाजण्यात अर्थ आला.

यंत्रांची घराणी मुख्यतः दोन. आचेवर फिरणाऱ्या पिंपात दाणे भाजायचं घराणं जुनं. न्यूयॉर्कच्या जाबेझ बर्न्सने १८६४मध्ये पेटंट घेतलेल्या पिंपातून दाणे बाहेर काढायला पिंप आचेवरून उचलावं लागत नसे. वाऱ्याचं घराणं त्यामानाने अलीकडचं: रसायन अभियंता मायकेल सिवेट्झ यांनी १९७०च्या दशकात गरम हवेच्या झोतावर दाणे तरंगवत भाजायची पद्धत रूढ केली. अमेरिकेतले हौशी लोक तर मक्याच्या लाह्यांच्या यंत्रातच कॉफी भाजू लागले.

वाऱ्यावर दाणे लवकर भाजतात, आंबटगोड चव उठून दिसते. पिंपात आच सावकाश मुरते आणि कॉफी भरदार होते. दूध, जायफळ घालून पिणाऱ्या घराने पिंपच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. भाजताना दाणे फुटण्याची पहिली तडतड साधारण १९६ अंश सेल्सियसला ऐकू येते. त्यापुढे धूर वाढत जातो, म्हणून यंत्र खिडकीजवळच हवं. अमेरिकी यंत्र १२० व्होल्टचं असतं, आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. दीड हजार वॅटच्या यंत्राला १६ अँपिअरचा प्लग लागतो, सहाचा पुरत नाही.

आणि दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मलबार किनाऱ्यावर ‘मॉन्सून्ड’ कॉफीचे दाणे पावसाळी हवेत मुद्दाम फुगवतात. जुलैत आपल्या स्वयंपाकघरात उघडे राहिलेले दाणेही ओल धरतात आणि नुसते कुबट होतात.