परदेशी पती किंवा पत्नीसाठी ओसीआय कार्ड: पात्रता, कागदपत्रे आणि अडणाऱ्या गोष्टी

भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड, म्हणजे नागरिकत्व न देता भारतात आजीवन येण्याराहण्याची मुभा देणारे कार्ड, मिळू शकते, पण लग्न झाल्या झाल्या नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ मध्ये दुहेरी अट आहे: लग्नाची नोंदणी झालेली हवी आणि अर्जाच्या लगेच आधीची सलग दोन वर्षे ते टिकलेले हवे. म्हणून मांडवातले लग्न उरकले की नोंदणी लांबवू नका. अर्जदार, त्याचे आईवडील, आजीआजोबा किंवा पणजीपणजोबा यांपैकी कोणीही कधी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील, तर अर्ज चालत नाही.

मधली दोन वर्षे सहसा एंट्री व्हिसावर (भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर) काढावी लागतात. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल, तर भारतात आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओ पोर्टलवर (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर) नोंदणी करायची. टुरिस्ट व्हिसावर असताना भारतातून ओसीआयचा अर्ज करता येत नाही.

अर्ज ऑनलाइन भरायचा. सोबत किमान सहा महिने मुदत उरलेला परदेशी पासपोर्ट, चालू व्हिसा, विवाह नोंदणीचा दाखला, भारतीय जोडीदाराचा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, चौकोनी फोटो आणि सही. लग्न परदेशात झाले असेल, तर दाखल्यावर अपोस्टिल (दाखला खरा असल्याचा त्या देशाचा अधिकृत शिक्का) किंवा भारतीय वकिलातीचे प्रमाणीकरण लागते. जोडीदार म्हणून केलेल्या अर्जाला आधी सुरक्षा पडताळणी होते, मुलाखतीलाही बोलावतात. त्यामुळे हातातला व्हिसा संपत आला असेल, तर मुदतवाढ आधी घ्या.

घोळ बहुतेक नावातच होतो. नोंदणीचा फॉर्म भरताना घरचे लोक हौसेने सुनेच्या नावापुढे नवऱ्याचे नाव आणि आडनाव लावतात. तिच्या पासपोर्टवर मात्र माहेरचेच नाव असते. दाखल्यावर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर असू द्या. भारतीय जोडीदाराच्या पासपोर्टवरही पती किंवा पत्नी म्हणून तेच नाव चढवून घेतलेले बरे.

कार्ड मिळाल्यावर एफआरआरओची नोंदणी सुटते. मतदान आणि शेतजमीन खरेदी मात्र नाही. पासपोर्ट नवा काढला की तो तीन महिन्यांत ओसीआयच्या पोर्टलवर चढवायचा आणि लग्न टिकून असल्याचे घोषणापत्रही द्यायचे. घटस्फोट झाला तर कार्ड रद्द होऊ शकते.

मुलांचा हिशेब वेगळा. भारतात जन्म झाला, आईवडिलांपैकी एक भारतीय आणि दुसरे बेकायदा स्थलांतरित नसतील, तर मूल जन्मतःच भारतीय नागरिक. त्याला ओसीआय नव्हे, भारतीय पासपोर्ट लागतो. जन्म परदेशात झाला असेल, तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते. तेव्हा मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसल्याचे पालक लिहून देतात, म्हणून परदेशी पासपोर्ट आधी काढला की हा मार्ग बंद होतो.