दुकानाचं लॉक वेगळं, मालकाचं लॉक वेगळं

ड्रिल, ग्राइंडर, करवत घेताना ‘लॉकवाली मशीन’ म्हटलं की आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते, आणि विकणारेही ती करतात. एक लॉक दुकानातला माल वाचवतं, दुसरं विकत घेतलेली मशीन. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेसाठी बॅटरीवरची करवत घेणाऱ्या शेतकऱ्याला पहिलं लॉक दाखवून दुसऱ्याची हमी देतात, याची मला मनापासून चीड आहे.

मालकाचं लॉक ओळखीचं आहे, फोनच्या लॉकसारखं. अ‍ॅप घ्यायचं, मशीन आपल्या नावावर जोडायची, हवी तेव्हा बंद करायची. मिलवॉकी या अवजारांच्या कंपनीचं वन-की अ‍ॅप २०१५ पासून हे काम करतं. फक्त मशीनमध्ये सिमकार्ड नसतं हे विसरू नका. ब्लूटूथच्या टप्प्यात अ‍ॅपवाला फोन आला तरच बंद होण्याचा निरोप तिला मिळतो. चोरीला गेलेला फोन संचार साथी पोर्टलवर नोंदवून २०२३ पासून देशभर बंद करता येतो. ड्रिल मशीनला तशी सोय नाही.

दुकानाचं लॉक मात्र नीट समजून घ्यावं लागतं. ते कारखान्यातूनच लागून येतं. खोक्यातली मशीन काढा, चार्ज केलेली बॅटरी लावा, ट्रिगर दाबा, ती ढिम्म. अमेरिकेत होम डेपो या दुकानांच्या साखळीने २०२१ मध्ये ब्लूटूथवर उघडणारं असं लॉक जाहीर केलं. पुढच्या वर्षी लोज या दुसऱ्या साखळीने प्रोजेक्ट अनलॉक नावाचा प्रयोग मांडला. त्यात मशीनच्या पोटात आरएफआयडी चिप, म्हणजे स्पर्श न करता रेडिओ लहरींनी वाचता येणारी चिप असते आणि चिपमध्ये त्या नगाचा सिरियल नंबर. काउंटरवरचा स्कॅनर तो नंबर वाचतो आणि विक्री झाली की चिपमध्ये एक गुप्त किल्ली लिहितो. तेव्हा कुठे मशीन चालू होते.

गोम इथेच आहे. ही किल्ली एकदाच लागते, आणि ती दुकानदाराच्या काउंटरवर लागते. रात्री शटर वाकवून कोणी पाच-सहा ड्रिल नेल्या, तर त्या चोराच्या हातात मुक्या राहतात. पण त्याच दुकानातून बिल करून घेतलेली ड्रिल तुमच्या कोठ्यातून गेली, तर ती चोराच्या हातात तुमच्या हातात चालायची तशीच चालते. बिल झालं त्या क्षणी लॉकचं काम संपलं. ‘भाऊ, लॉकवाली हाय ना, मंग वावरात ठेवली तर काय होते?’ असं गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा ‘काही होत नाही’ म्हणणारा दुकानदार त्याला फसवतो. घेताना एकच विचारा: हे लॉक बिलानंतर माझ्या फोनवरून परत लावता येतं का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्या लॉकसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

दुसरी गोष्ट, लॉक मशीनच्या आत कुठे बसलं आहे. वायरवाल्या साध्या ग्राइंडरमध्ये कार्बन, आर्मेचर, फील्ड आणि स्विच एवढाच संसार असतो. त्यात लॉकचं सर्किट घातलं तरी मिस्त्री दोन वायरी जोडून मशीन डायरेक्ट करून देतो. ब्रशलेस, म्हणजे कार्बन नसलेल्या मोटरला तसं डायरेक्ट करता येत नाही. तिच्या कॉइलना क्रमाने करंट देणारं कंट्रोल बोर्ड लागतंच, आणि लॉक त्याच बोर्डात असेल तर बोर्ड बदलल्याशिवाय मशीन फिरत नाही. बोर्डाचा खर्च धरला की चोरीच्या मालात फारसं उरत नाही. म्हणून बॅटरीवरच्या ब्रशलेस मशीनचं लॉक मी गंभीरपणे घेतो, वायरवाल्या साध्या मशीनचं घेत नाही.

हे लॉक सगळ्या चोऱ्यांवर उपाय आहे असंही समजू नका. विहिरीवरची मोटर आणि केबल तांब्यासाठी जाते. तो चोर मशीन चालते का हे पाहतच नाही. ड्रिलच्या बाबतीतही बॅटरीला स्वतंत्र लॉक नसेल तर बॅटरी आणि चार्जर वेगळे विकले जातातच.

मॉलच्या दारात पीं-पीं वाजणारा टॅग हे तिसरंच प्रकरण. तो मशीन बंद करत नाही, नुसता ओरडतो. आपल्या तालुक्याच्या दुकानात माल काउंटरच्या मागे असतो आणि चोर येतो रात्री. तिथे त्याचा उपयोग जवळपास नाही.

दुकानदारांना एक आग्रहाने सांगायचं आहे. लॉक असलेल्या खोक्यावर ते मराठीत आणि ठळक लिहा, शटरवरही लिहा: ‘बिल झाल्याशिवाय मशीन सुरू होत नाही.’ चोराला ठाऊकच नसेल तर तो माल नेणारच. घरी जाऊन त्याला कळेल की मशीन चालत नाही, पण तोवर तुमचा माल गेलेला असेल आणि तो काही परत आणून देणार नाही. हे लॉक माल धरून ठेवत नाही, चोराचा फायदा काढून घेतं. फायदा नाही हे त्याला आधी कळलं तरच तो थांबतो. कोपऱ्यातल्या बारीक इंग्रजी स्टिकरने ते होत नाही.

आणि बिलावर सिरियल नंबर लिहून द्या. ‘ड्रिल मशीन, नग १’ एवढंच लिहिलेलं बिल पोलीस ठाण्यात मशीन तुमचीच आहे हे दाखवू शकत नाही. बाजारात जुनी मशीन घेणाऱ्यानेही आधी ती स्वतः चालवून पाहावी, मग मशीनवरचा नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून पाहावा, आणि विकणारा बिल दाखवत नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत.