हौशी पाम-जोपासना (सातारा–सांगली)

पाम-जोपासना : तालवृक्षांच्या कुलातील (पामी किंवा अरेकेसी) झाडे उत्पन्नासाठी नव्हे, तर हौसेखातर अंगणात, कुंडीत अथवा मळ्यातल्या घराभोवती लावून वाढविण्याचा बागकामाचा प्रकार. या कुलात सुमारे २,६०० जाती असून नारळ, पोफळ, ताड, शिंदी, खजूर आणि भेरली माड हे त्यांपैकी मराठी मुलखाला पूर्वापार परिचित आहेत. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या बोलण्यात मात्र ‘पाम’ या शब्दाची व्याप्ती निराळी आहे. दारातल्या नारळाला किंवा ओढ्याकाठच्या शिंदीला येथे कोणी पाम म्हणत नाही. रोपवाटिकेतून विकत आणलेले आणि फळाची अपेक्षा नसलेले झाड तेवढे पाम. उलट याच नावाने विकली जाणारी दोन झाडे मुळात या कुलातली नाहीतच. ‘सागो पाम’ म्हणून मिळणारा सायकस हा फुले न येणारा अनावृत्तबीजी वृक्ष असून त्याची बी कुत्र्या-मांजरांना विषारी असते, तर पंख्यासारखा पसरणारा ‘ट्रॅव्हलर्स पाम’ केळीच्या जवळच्या नात्यातला आहे. त्यांची निगा वेगळी असल्याने पुढील विवेचन त्यांना लागू पडत नाही.

पामची जोपासना आंबा, चिंच किंवा गुलमोहर यांच्या जोपासनेहून वेगळी का, हे त्याच्या शरीररचनेवरून कळते. पाम एकदलिकित वनस्पती आहे. गवत, ऊस आणि बांबू हे तिचे दूरचे सोयरे. दरवर्षी नवे लाकूड तयार करून खोड जाड करणारा आणि जखम भरून काढणारा ऊतीचा थर, म्हणजे ऊतककर, तिच्यात नसतो. खोड आपली जाडी बहुतांशी शेंड्याखालीच घेते आणि मगच उंचावू लागते. एका खोडाच्या जातींत वाढीचा सारा कारभार शेंड्यातल्या एकाच कोंबावर चालतो. ऊसपट्ट्यात पानांच्या सुरळीला ‘पोंगा’ म्हणतात आणि पोंगा मेला की त्या उसाचे पुढे काही होत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही; पण उसाला बुडातून फुटवे येतात, रॉयल पामला ते येत नाहीत. अरेका, रॅफिस आणि मॅकार्थर यांसारख्या बेटाने वाढणाऱ्या जातींत एक खोड गेले तरी बाकीची राहतात.

या रचनेमुळे पामच्या खोडात ठोकलेला खिळा जन्मभराची जखम करतो. दिवाळीतल्या विजेच्या माळांसाठी, केबलसाठी किंवा पाटी टांगण्यासाठी खिळे मारण्याची सवय दोन्ही जिल्ह्यांत सर्रास आढळते. त्या भोकांवर साल कधीच चढत नाही आणि तेथून बुरशीला व सोंड्या भुंग्याला वाट मिळते. गेरू-चुन्याचे पट्टे त्या मानाने निरुपद्रवी आहेत, ते शोभतात की नाही हा प्रश्न वेगळा. उपासमारीच्या काळात शेंड्याखाली तयार झालेला खोडाचा भाग बारीक राहतो आणि पुढे कितीही खतपाणी दिले तरी तो भरून येत नाही. त्यामुळे पाण्याची ओढ बसलेल्या वर्षांची खूण उंच झाडाच्या कमरेला कायम दिसते. विजेच्या तारेखाली पाम लावू नये, याचेही कारण हेच आहे: तारेला टेकल्यावर वडाची फांदी छाटता येते, पामचा शेंडा छाटणे म्हणजे झाड मारणे.

हवामान व माती यांबाबत हा प्रदेश एकजिनसी नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर तेथून पूर्वेला शंभर-एक किमी. अंतरावरील माण तालुक्यात तो ५०० मिमी.च्या आसपास असतो. जत व आटपाडी तालुकेही असेच अवर्षणप्रवण आहेत. महाबळेश्वरच्या जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत पावसाळ्यातले सततचे धुके व ओल यांमुळे कोंब कुजण्याचा धोका असतो आणि हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात. तेथे नारळ किंवा अरेका रेटण्यापेक्षा रॅफिस, चामेडोरिया, लिव्हिस्टोना आणि थंडी सोसणारा ट्रॅकिकार्पस या जाती लावणे शहाणपणाचे ठरते. मिरज, पलूस, वाळवा आणि कराड या कृष्णाकाठच्या तालुक्यांत खोल काळी माती व मुबलक पाणी असले तरी निचरा मंद असतो आणि वर्षानुवर्षांच्या पाटपाण्याने काही जमिनी खारवट व चोपण झाल्या आहेत. पूर्वेकडील मुरमाड, चुनखडीयुक्त जमिनीत निचरा उत्तम पण पाणी कमी असते. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी पोहोचलेल्या गावांतून आता घरापुढे रॉयल पामच्या रांगा दिसू लागल्या आहेत. मात्र हे पाणी आवर्तनाने येते आणि झाडाला ते बारमाही लागते, हा हिशेब लावणीच्या वेळी अनेकदा राहून जातो.

जातींची निवड करताना रोपवाटिकेतल्या नावांवर विसंबता येत नाही. ‘बॉटल पाम’ हे नाव या भागात बहुधा क्यूबाकडील रॉयल पामला (रॉयस्टोनिया रेजिया) दिले जाते. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड बेटावरचा असून तो ठेंगणा आणि बुंध्याशी फुगीर असतो. हा घोळ महागात पडू शकतो, कारण रॉयल पाम २० मी.च्या पुढे जातो आणि त्याची ३-४ मी. लांबीची जडशीळ झावळी कोणतीही सूचना न देता गळून पडते. तो भिंतीपासून ५-६ मी. दूर असावा आणि त्याच्याखाली मोटार उभी करू नये. लहान अंगणाला ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतातला फॉक्सटेल अधिक योग्य आहे. कोल्ह्याच्या शेपटीसारख्या झुबकेदार पानांचा हा पाम शास्त्रीय जगाला १९८३ मध्ये रीतसर परिचित झाला आणि आज तो सर्वत्र मिळतो. मादागास्करचा निळसर-रुपेरी बिस्मार्किया कोरडी हवा व ऊन सोसतो, मात्र त्याला ऐसपैस जागा लागते. उत्तर मेक्सिकोकडचा वॉशिंग्टोनियाही कोरडवाहू भागात तग धरतो. अरेका (मूळ मादागास्कर) घरोघरी असला तरी तो हवा शुद्ध करतो या जाहिरातीत फारसे तथ्य नाही. या समजुतीला १९८९ सालच्या नासाच्या अभ्यासाचा आधार दिला जातो. ते प्रयोग लहान बंद पेट्यांत झाले होते. खिडक्या-दारे असलेल्या खोलीत त्यांचा परिणाम नगण्य ठरतो.

देशी जातींकडे हौशी मंडळींचे दुर्लक्ष होते, ते समर्थनीय नाही. शिंदी (फीनिक्स सिल्व्हेस्ट्रिस) माण, खटाव, जत या तालुक्यांच्या ओढ्यांकाठी आपोआप वाढते. लक्ष्मीपूजनाला पुजली जाणारी केरसुणी तिच्याच पानांची आणि उन्हाळ्यात विकली जाणारी नीरा तिच्याच रसाची. दुष्काळ आणि क्षार दोन्ही सोसणारा, राखाडी-हिरव्या भरघोस शेंड्याचा असा दुसरा पाम या पट्ट्यात नाही. तिच्या देठाच्या बुडाशी असलेले टोकदार काटे एवढीच काय ती अडचण. पाटण, जावळी, शिराळा या बाजूच्या सह्याद्रीत भेरली माड (कॅरियोटा युरेन्स) आढळतो. माशाच्या शेपटीसारख्या त्याच्या पर्णिका आणि घोड्याच्या शेपटासारखे लोंबणारे फुलोरे अतिशय देखणे असतात. पण हे झाड वयात आले की वरून खाली एकेक फुलोरा काढत जाते आणि शेवटचा फुलोरा आटोपला की मरते. माळ्याची चूक नसताना मेलेले झाड पाहून हळहळणारे अनेक असतात, म्हणून ही गोष्ट लावतानाच माहीत असलेली बरी. त्याच्या फळांच्या गरात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने ती उघड्या हाताने सोलल्यास आग आणि खाज सुटते.

लावणीसाठी देशावर जून-जुलै आणि घाटमाथ्यावर पावसाचा जोर ओसरल्यानंतरचा काळ चांगला. रोपवाटिकांतील पुष्कळ माल आंध्र प्रदेशातील गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातून, विशेषतः कडियमहून येतो. दमट हवेत वाढलेली ही रोपे मार्च-एप्रिलमध्ये आणून थेट उन्हात ठेवल्यास आठवड्याभरात करपतात. त्यांना महिनाभर जाळीच्या सावलीत सरावू द्यावे लागते. पिशवीतला चिकणमातीचा गोळाही पाहून घ्यावा. तो विटेसारखा घट्ट असेल तर भोवतीच्या मातीत पाणी मुरते आणि आतला गोळा कोरडाच राहतो, म्हणून रोप आधी बादलीत बुडवून ठेवून गोळ्याची बाहेरची बाजू हलकेच मोकळी करतात. मुळे मात्र छाटू नयेत. तुटलेल्या मुळाला फारसे फुटवे येत नाहीत, नवी मुळे बुंध्यातून निघावी लागतात. रोप पिशवीत जेवढ्या खोलीवर होते तेवढ्याच खोलीवर लावावे. झाड डोलू नये म्हणून बुंधा हातभर मातीत पुरण्याची रीत घातक आहे. अशी झाडे दोन-तीन वर्षे रेंगाळतात आणि पानांचा पिवळेपणा पाहून त्यांना खत घातले जाते, दोष मात्र खोलीचा असतो. काळ्या जमिनीत खड्ड्यातल्या मातीत मुरूम व वाळू मिसळण्यापेक्षा उंचवट्यावर लावणे अधिक उपयोगी, कारण चिकण जमिनीतला मुरमाचा खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरून राहतो.

खतांच्या बाबतीत पाम आपली गरज पानांवर स्पष्ट दाखवितो. फक्त कोणते पान पाहायचे ते ठाऊक असावे लागते. पालाशाची (पोटॅशची) कमतरता सर्वांत जुन्या, खालच्या झावळ्यांवर दिसते: आधी नारिंगी-पिवळे ठिपके, मग टोकाकडून करपणे. मॅग्नेशियम कमी पडल्यास जुन्या पानाच्या कडा रुंद पिवळ्या होतात आणि मध्य हिरवा राहतो. याउलट लोह व मँगनीज यांची उणीव नव्या पानांवर उमटते. चुनखडीच्या जमिनीत ही द्रव्ये मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत. लोहाअभावी पोंग्यातून पान फिकट पिवळे निघते, तर मँगनीजअभावी ते आखडलेले, जाळल्यासारखे आणि कुरळे निघते. हा दुसरा प्रकार वेळीच मँगनीज सल्फेट न दिल्यास झाडाच्या जिवावर बेततो. फ्लॉरिडा विद्यापीठाने शोभिवंत पामसाठी नत्र, स्फुरद व पालाश ८:२:१२ आणि सोबत ४ टक्के मॅग्नेशियम असे सावकाश विरघळणारे खत सुचविले आहे. तयार मिश्रण येथे सहज मिळत नसले तरी तासगाव-मिरज भागातल्या द्राक्षबागाईतदाराच्या खोलीत सल्फेट ऑफ पोटॅश, मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातले) लोह बहुधा असतेच. नुसत्या युरियावर वाढवलेला पाम वरून हिरवागार दिसतो आणि आतून पालाशाला मोताद होतो. पिवळी पडलेली जुनी झावळी लगेच कापण्याचा मोहही टाळावा, कारण झाड तिच्यातला पालाश ओढून नव्या पानाला देत असते. पूर्ण वाळलेल्या झावळ्याच काढाव्यात आणि आडव्या रेषेच्या वरच्या झावळ्यांना हात लावू नये. लग्नसराईआधी चारच पाने ठेवून केलेली ‘सफाई’ झाडाला वर्षभर मागे नेते.

किडींमध्ये गेंड्या भुंगा प्रमुख आहे. तो पोंग्यात शिरून न उलगडलेली पाने पोखरतो. ती पुढे उघडली की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसतात आणि पोंग्याजवळ चघळलेल्या तंतूंचा भुगा साचतो. त्याची अळी शेणखताच्या उकिरड्यात वाढते. ऊसपट्ट्यात तिला हुमणी समजले जाते. पण हुमणी जिवंत मुळे खाते, ही कुजका पाला व शेण खाते आणि उपद्रव भुंगा झाल्यावर देते. त्यामुळे झाडाजवळ उकिरडा न ठेवणे व खत पूर्ण कुजवून वापरणे हाच मूळ उपाय होय. शिरलेला भुंगा तारेच्या आकड्याने ओढून काढतात आणि वरच्या पानांच्या बेचक्यांत वाळूसह निंबोळी पेंड किंवा डांबरगोळ्या ठेवतात. सोंड्या भुंगा अधिक घातक आहे, कारण त्याच्या अळ्या खोडाच्या आत असतात. खोडाला कान लावल्यास कुरतडण्याचा आवाज येतो, मात्र बाहेर तांबूस चिकट स्राव दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. कुंडीतल्या अरेकावर उन्हाळ्यात लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण येतात. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारत राहिल्यास ते आटोक्यात राहतात. त्याच्या पानांची टोके तपकिरी होतात ती मात्र किडीने नव्हे, तर बहुधा बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला की पावसाचे साठवलेले पाणी भरपूर ओतून माती धुऊन काढावी.

कृष्णाकाठी पुराची एक वेगळी बाब असते. २००५, २०१९ आणि २०२१ सालच्या पुरांत सांगली शहर व आसपासच्या गावांत पाणी काही दिवस साचून राहिले. शेंडा पाण्यावर राहिलेले उंच पाम असे दिवस काढू शकतात. पोंगा बुडालेली लहान झाडे मात्र पाणी ओसरल्यावर हिरवी दिसत असूनही आतून कुजू लागतात. पोंग्यात बसलेला गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन त्यात ताम्रयुक्त बुरशीनाशक ओततात, एक टक्का बोर्डो मिश्रण (१०० लिटर पाण्यात मोरचूद व चुना प्रत्येकी १ किग्रॅ.) द्राक्षपट्ट्याला नवे नाही. नंतर पंधरा दिवसांनी मधले पान हलकेच ओढून पाहावे. घट्ट लागले तर झाड वाचले. बोटांत निघून आले आणि बुडाला नासक्या भाजीसारखा वास आला तर कोंब गेला. बुंध्याभोवती चढलेला गाळाचा थरही मूळ पातळीपर्यंत काढावा लागतो, नाहीतर मुळांची हवा कोंडते.

बीपासून पाम तयार करणे हा या छंदातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सावकाश भाग. बी ताजे असावे. गर पूर्ण काढून ते एक-दोन दिवस पाण्यात भिजवतात आणि वाळू व कोकोपीटच्या मिश्रणात उबदार जागी पेरतात. अरेका दीड-दोन महिन्यांत उगवतो, फॉक्सटेल व रॉयल पामला तीन महिने किंवा त्याहून अधिक लागू शकतात, म्हणून ट्रे लवकर फेकून देऊ नये. शिंदी, खजूर, वॉशिंग्टोनिया आणि बिस्मार्किया यांचा अंकुर बीपासून दूर, खाली खोल जाऊन मग पान वर काढतो, त्यामुळे त्यांना उथळ ट्रे चालत नाही. दुधाच्या पिशवीपेक्षा उंच पिशवी किंवा कापलेला पाइप लागतो. रमजानच्या दिवसांत आणलेल्या खजुराच्या बियाही अशाच सहज रुजतात. त्यांतून आलेले झाड नर की मादी हे पहिला फुलोरा येईपर्यंत, म्हणजे बहुधा चार-पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ, कळत नाही.