मनगटातून अँजिओग्राफी : येण्याआधी वाचा

अँजिओग्राफी (डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासणं) म्हटलं की घरातल्या मोठ्यांना जांघेतली सुई, त्यावर ठेवलेली वाळूची पिशवी आणि पाय न हलवता काढलेले तास आठवतात. आमच्याकडे आता पहिली पसंती मनगटाला असते, बहुधा उजव्या.

अंगठ्याच्या बाजूला नाडी बघतात तीच ही धमनी. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. जागा बधिर करून तिच्यात बारीक नळी सरकवतात आणि तिथून कॅथेटर, म्हणजे लांब लवचीक नळी, हृदयापर्यंत नेतात. मॉन्ट्रियलच्या डॉ. लुसियाँ काँपो यांनी 1989 मध्ये या वाटेने केलेल्या अँजिओग्राफींचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे 1992 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये डॉ. किमेनाय यांनी अँजिओप्लास्टीही (फुग्याने धमनीतला अडथळा उघडणं) मनगटातूनच केली.

खरा फायदा रक्तस्रावाचा. मनगटातली धमनी हाडावर आणि कातडीलगत असते, त्यामुळे दाबली की रक्त थांबतं. जांघेतली धमनी मोठी आणि खोल. तिथलं रक्त आत पोटाच्या मागे साचलं तर लवकर कळतही नाही. हार्ट अटॅकच्या रुग्णाला रक्त पातळ करणारी औषधं भरपूर दिलेली असतात, तिथे हा फरक जिवावरचा ठरतो. 2015 च्या ‘मॅट्रिक्स’ अभ्यासात अशा आठ हजारांहून जास्त रुग्णांमध्ये मनगटाच्या गटात रक्तस्रावही कमी दिसला आणि मृत्यूही.

नळी काढल्यावर मनगटाला पारदर्शक पट्टा बांधतो. त्यात सिरिंजने हवा भरलेली असते आणि सिस्टर ती काही तासांत थोडी थोडी सोडतात. तोवर तुम्ही उठून बसा, चहा घ्या, बाथरूमला चालत जा. बेडपॅन लागत नाही, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना याच गोष्टीचं सर्वांत जास्त बरं वाटतं.

सगळ्यांनाच हे जमतं असं नाही. धमनी फार बारीक असेल किंवा आखडली तर हात दुखतो आणि कधी जांघेची वाट धरावी लागते. म्हणून तिथलीही तयारी करून ठेवतो. डायलिसिसचा फिस्च्युला (त्यासाठी हातात धमनी-शीर जोडून केलेली वाट) असेल, पुढे लागण्याची शक्यता असेल किंवा बायपास झालं असेल, तर आधीच सांगा. कधीकधी ही धमनी नंतर बंद पडते. करंगळीच्या बाजूच्या धमनीतून हाताला रक्त मिळत राहतं, त्यामुळे सहसा त्रास होत नाही.

येताना बांगड्या, घड्याळ, अंगठ्या घरी ठेवा. मनगटातला गंडा-दोरा सोडावा लागेल. घरच्यांशी आधीच बोलून घ्या, ऐन वेळी वाद नको. नेलपॉलिश पुसून या, नाहीतर बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र नीट आकडा दाखवत नाही. चालू गोळ्या पाकिटांसकट आणा. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. किडनीचा त्रास किंवा डायची ॲलर्जी असेल तर तेही सांगा.

घरी गेल्यावर पहिले काही दिवस त्या हाताने बादली, सिलिंडर उचलू नका. स्कूटर कधी चालवायची ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून देऊ. रक्त आलं तर त्या जागी बोटांनी घट्ट दाबून धरा आणि तसंच फोन करा. दंड किंवा पंजा सुजून ताठ झाला, बोटं गार किंवा निळी पडली, तर सकाळची वाट बघू नका. रात्री कितीही वाजता निघून या.