पोर्तुगालची तटस्थता (दोन महायुद्धांतील)

दोन्ही महायुद्धांच्या आरंभी पोर्तुगाल लढाईबाहेर राहिला. पहिल्या खेपेला दीड वर्षात त्याला युद्धात उतरावे लागले. दुसऱ्या खेपेला कागदोपत्री तो अखेरपर्यंत तटस्थ होता, पण वसाहतींपर्यंत ती तटस्थता पुरली नाही. दोन्ही वेळा कळीचा प्रश्न लिस्बनमधल्या मतांपेक्षा बंदरांचा आणि बेटांचा होता.

१९०७ च्या हेग करारानुसार तटस्थ बंदरात लढाऊ जहाजाला सर्वसाधारणपणे चोवीस तासच थांबता येते. व्यापारी जहाजाला अशी मुदत नसते. त्यामुळे १९१४ मध्ये युद्ध पेटताच अनेक जर्मन व्यापारी जहाजे पोर्तुगीज बंदरांत येऊन नांगर टाकून बसली. पुढे जहाजांची चणचण भासू लागल्यावर ब्रिटनने चौदाव्या शतकापासूनच्या जुन्या मैत्रीची आठवण करून दिली आणि फेब्रुवारी १९१६ मध्ये पोर्तुगालने सुमारे ७० जहाजे ताब्यात घेतली. ९ मार्च १९१६ रोजी जर्मनीने युद्ध पुकारले. पोर्तुगाल अगदीच नाखुशीने ओढला गेला असे मात्र म्हणता येणार नाही. १९१० मध्ये राजाला घालवून आलेल्या प्रजासत्ताकाला युरोपात मान हवा होता. शिवाय आफ्रिकेतल्या त्याच्या वसाहती वाटून घेण्याची बोलणी ब्रिटन आणि जर्मनीने १८९८ मध्ये आणि पुन्हा युद्धाच्या तोंडावर केली होती. अंगोलाच्या सीमेवर तर युद्ध पुकारले जाण्याआधीच, १९१४ मध्ये, पोर्तुगीज व जर्मन तुकड्यांची चकमक झडली होती. पुढे बेल्जियम-फ्रान्स सीमेकडच्या फ्लँडर्सच्या आघाडीवर गेलेल्या पोर्तुगीज सैन्याची ९ एप्रिल १९१८ रोजी लिसच्या लढाईत काही तासांत वाताहत झाली.

१९३९ मध्ये पोर्तुगालचे हुकूमशहा पंतप्रधान सालाझार यांनी तटस्थता जाहीर केली. ती ब्रिटनच्याही सोयीची होती, कारण पोर्तुगाल बाहेर राहिला तर शेजारचा स्पेनही बाहेर राहण्याची शक्यता वाढत होती. शस्त्रनिर्मितीला लागणारे टंगस्टन पोर्तुगालने दोन्ही बाजूंना विकले आणि त्यावर पैसाही केला. किंमत मोजली ती आग्नेय आशियातल्या तिमोर या पोर्तुगीज वसाहतीने. डिसेंबर १९४१ मध्ये डच व ऑस्ट्रेलियन सैनिक न विचारता तिथल्या ‘दिली’ या राजधानीच्या शहरात उतरले. लिस्बनने निषेध नोंदवला. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी आले आणि युद्ध संपेपर्यंत राहिले. तिमोरी मृतांचा अंदाज ४० ते ७० हजारांचा आहे, तरीही पोर्तुगालने जपानविरुद्ध युद्ध पुकारले नाही.

गोव्यात मुरगाव बंदरात एरेनफेल्स, ब्राउनफेल्स व द्राखेनफेल्स ही तीन जर्मन आणि आन्फोरा हे इटालियन जहाज आसऱ्याला होते. एरेनफेल्सवरच्या गुप्त बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना दोस्तांच्या जहाजांची ठिकाणे कळवली जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. तो कितपत खरा होता, यावर आजही वाद आहे. तटस्थ बंदरात गणवेशातले सैन्य घुसवता येत नव्हते. म्हणून ब्रिटिश गुप्तहेर खात्याने कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळातली मध्यमवयीन, व्यापारी-कचेरीतली मंडळी गोळा केली. कलकत्ता स्कॉटिश या अशाच दुसऱ्या हौशी पलटणीचे काही जणही सोबत होते. वाहन मिळाले ते हुगळीतला गाळ वाहून नेणारी ‘फीबी’ नावाची बार्ज! ती कलकत्त्याहून किनाऱ्या-किनाऱ्याने निघाली आणि बरीचशी मंडळी आगगाडीने कोचीनला जाऊन तिच्यावर चढली. ९ मार्च १९४३ च्या रात्री त्यांनी एरेनफेल्सवर चढाई केली. झटापटीत जहाजाचा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले. उरलेल्या तीन जहाजांना कोणी हातही लावला नव्हता, पण ती शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून खलाशांनीच पेटवून बुडवली. तारीख पाहा : जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारले त्याला त्या दिवशी बरोबर २७ वर्षे झाली होती. ब्रिटनने या कारवाईची जबाबदारी त्या वेळी स्वीकारली नाही.

जून १९४३ मध्ये त्याच जुन्या मैत्रीचा आधार घेऊन ब्रिटनने अटलांटिकमधल्या अझोरेस या पोर्तुगीज बेटांवर विमानतळ मागितला. जर्मनीची बाजू पडती दिसत होती, तेव्हा सालाझार यांनी होकार दिला. ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश तिथे उतरले आणि मध्य अटलांटिकमधल्या पाणबुड्यांवर विमाने पाठवणे सोपे झाले. या खेपेला जर्मनीने युद्ध पुकारले नाही.

त्याच ऑक्टोबरमध्ये मुरगाव बंदराच्या तटस्थतेचा दोन्ही बाजूंनी उपयोग करून घेतला. अमेरिकेहून जपानी नागरिकांना घेऊन ‘ग्रिप्सहोल्म’ ही स्वीडिश बोट आली आणि पूर्वेकडून अमेरिकी नागरिकांना घेऊन ‘तेइया मारू’ ही जपानी बोट. सुमारे दीड-दीड हजार माणसांची तिथे अदलाबदल झाली आणि दोन्ही बोटी आल्या वाटेने परतल्या.