चमचा कुठल्या हाताने उचलला?

चमच्यात खाऊ घ्या आणि तो बाळासमोर आडवा ठेवा; कधी दांडा उजवीकडे, कधी डावीकडे. मॅकार्टी, क्लिफ्टन आणि कोलार्ड या अमेरिकी संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग एवढाच. ९ महिन्यांची बाळं सहसा आपल्या सवयीच्याच हाताने झडप घालतात. दांडा उलट बाजूला असला की कधी खाऊनेच मूठ बरबटते, कधी दांड्याचं टोक तोंडात जातं. १४ महिन्यांची मुलंही बऱ्याचदा चुकीचाच हात घालतात, पण चमचा तोंडाशी नेता नेता थबकतात, हात बदलतात. १९ महिन्यांची मुलं मुळात हात पुढे करतानाच बरोबर हात निवडतात. घास पोटात गेला की नाही, याला इथे फारसं महत्त्व नाही. चूक कधी लक्षात आली, ते पाहायचं.

बाळांच्या वाढीच्या मोजमापात आमच्या बडोद्याचं नाव जुनं आहे. नॅन्सी बेली यांच्या अमेरिकी चाचणीत दोरी ओढून कडी जवळ घेणं, बाटलीतली गोळी बाहेर काढणं अशी कामं असतात. बाटलीत बोट घालून दमलेलं मूल कधीतरी ती उपडी करतं, आणि परीक्षक खूण करतो. पण ही खूण कोणत्या महिन्यात अपेक्षित धरायची? तिकडच्या बाळांचे आकडे इकडे लावणं बरोबर नव्हतं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत डॉ. प्रमिला फाटक यांनी १ ते ३० महिन्यांच्या भारतीय बाळांचा अभ्यास केला. त्याचा अहवाल १९७० चा. त्यातून पुढे भारतीय बाळांसाठीच्या चाचण्या तयार झाल्या.

अशा चाचणीतून मूल कुठवर पोचलं ते समजतं. कसं पोचलं, हे कळायला त्याला तोच पेच पुन्हा पुन्हा घालावा लागतो. चेन आणि सिग्लर यांनी २००० साली दीड ते तीन वर्षांच्या मुलांबाबत हेच केलं. खेळणं हाताच्या टप्प्याबाहेर, मध्ये वेगवेगळ्या काठ्या. त्यांतली एकच पुरेशी लांब आणि टोकाला आकड्यासारखी. काही मुलं नुसती पुढे वाकत राहिली, काहींनी आईकडे पाहिलं, काहींनी काठी उचलली. दाखवल्यावर किंवा सुचवल्यावर योग्य काठी जास्त वेळा निवडली गेली, पण जुने उपाय लगेच सुटले नाहीत.

आईकडे वळणं हाही उपायच म्हणून नोंदला गेला, हे मला फार पटतं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या भरल्या घरात मूल पहिल्यांदा आजीकडेच बघणार. डब्याखाली गेलेला चेंडू त्याला काढता येत नसेल, तर आतून आवाज येतोच, "अगं, किती रडवतेस, दे की काढून!" चेंडू मिळतो, पण नोंदीपुरती ती फेरी बाद. मूल स्वतः काय करणार होतं ते आता कळायचं नाही. निरीक्षकाने हात मागे बांधून बसणं सोपं. आजीला बसवणं महाकठीण.

मोठ्यांचा मात्र एक उपयोग प्रयोगात दिसला आहे. २०१७ च्या एका अमेरिकी अभ्यासात मोठ्या माणसाला धडपडत डबा उघडताना पाहिलेली १५ महिन्यांच्या आसपासची बाळं, तो सहज उघडलेला पाहिलेल्या बाळांपेक्षा, न वाजणाऱ्या खेळण्याचं बटण जास्त वेळा दाबत राहिली.